नाजूक फळांची राखण : स्ट्रॉबेरी, करवंद, जांभूळ घरी कशी टिकवावीत?

— ऊस विकास विभागाकडून



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, बेणे, खोडवा, खताचे हप्ते आणि तोडणी यांवर लिहावे, अशी वहिवाट आहे. आम्हीही या पानांतून आजवर तेच करीत आलो. मग या अंकात स्ट्रॉबेरी कुठून आली, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. डोंगरालगतच्या गटांतील आपले पुष्कळ सभासद उसाच्या जोडीला दहा-वीस गुंठे स्ट्रॉबेरी करतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपे लागतात आणि नोव्हेंबरअखेरपासून एप्रिलपर्यंत फळ चालू राहते. म्हणजे कारखान्याचे गाळप आणि स्ट्रॉबेरीची तोडणी एकाच वेळी. ज्यांच्याकडे लागण नाही, त्यांच्या घरीही हंगामात पाव-अर्धा किलोची डबी येतेच. आणि दोन्ही घरांची तक्रार एकच : "साहेब, काल घेतलं तेव्हा लालभडक होतं, आज बघतोय तर बुरशी!"

गेल्या हंगामात एका गटातील शेतकरी मेळाव्यात पाचटाचे व्यवस्थापन सांगून झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे विचारले, कोणाला काही अडचण? मागच्या रांगेतून एक ताई उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, उसाचं बिल ह्यांच्या नावावर बँकेत जातं. या फळाचा पैसा दर आठवड्याला माझ्या हातात येतो. पोरीच्या वह्या, घरातलं मीठ-मिरची त्यातनं होतं. शनिवार-रविवारी गिऱ्हाईक असतं, मंगळवारी कुत्रं विचारत नाही. पण झाडाला काय मंगळवार कळतोय व्हय? ते पिकतंच. त्या मंगळवारच्या फळाचं काय करू, ते सांगा."

सभेत हशा झाला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सभासदाच्या घरातील हा खरा हिशेब आहे. हा लेख त्या मंगळवारच्या फळासाठी आहे.

तोडलेले फळ जिवंत असते

ऊस तोडल्यावर २४ तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे, हे आम्ही दर हंगामात घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजन घटते, उसातील विकरे साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये विघटन करतात, तोडलेल्या टोकांतून जीवाणू आत शिरतात आणि उतारा घसरतो. उसाला निदान जाड साल आणि वरून मेणाचा थर आहे. स्ट्रॉबेरीला यातले काहीच नाही. वनस्पतिशास्त्राप्रमाणे आपण खातो ते फळ नव्हेच. ते फुलाचे फुगलेले पुष्पासन आहे. वर दिसणारे बारीक पिवळे दाणे हीच तिची खरी फळे. शंभर भागांत सुमारे नव्वद भाग पाणी आणि अंगावर पातळ पापुद्रा, एवढाच तिचा संसार.

तोडल्यावरही हे फळ श्वास घेत राहते. श्वासाबरोबर साठवलेली साखर जळते, ऊब तयार होते, पाणी उडते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. दुपारी दोन वाजता तोडलेले फळ आणि सकाळी सात वाजता दंव सुकल्यावर तोडलेले फळ यांत दिसायला फरक नसतो; टिकायला एका दिवसाचा फरक पडतो. म्हणून पहिली राखण घरात नव्हे, वाफ्यावरच सुरू होते. फळ पहाटेच्या गारव्यात तोडावे, देठ आणि हिरवी टोपी राहू द्यावी, पाटी लगेच सावलीत न्यावी.

दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आंबा आढीत घातला की पिकतो आणि गोड होतो. स्ट्रॉबेरीचे तसे नाही. अर्धे पांढरे फळ घरी ठेवले तर रंग थोडा चढेल, पण गोडी वाढणार नाही. उसाच्या पक्वतेसाठी आम्ही जो हातातला रिफ्रॅक्टोमीटर वापरतो, त्यावर पक्व उसाचा रस १८ ते २२ ब्रिक्स दाखवतो. चांगली स्ट्रॉबेरी ७ ते १० च्या आसपास असते. तोडताना जो आकडा असेल तो असेल. घरी आणल्यावर तो वर जात नाही, खालीच येतो. तेव्हा "दोन दिवस ठेवू, गोड होईल" हा विचार सोडून द्यावा.

बुरशी घरात येत नाही, फळाबरोबर येते

करड्या रंगाची जी मऊ लव फळावर दिसते, तिला करडी बुरशी म्हणतात. शास्त्रीय नाव बोट्रायटिस. ही बहुधा शेतातच, फुलोऱ्याच्या वेळी शिरते आणि गप्प बसते. फळ पिकले, ओल मिळाली, कुठे ओरखडा पडला, की डोके वर काढते. फ्रिजच्या थंडीतही ती वाढते, फक्त सावकाश. म्हणजे फ्रिज हा औषध नाही, वेळ वाढवून मिळण्याचे साधन आहे.

आढीतला एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, ही म्हण स्ट्रॉबेरीला तर तंतोतंत लागू आहे. डबी घरी आली की ती तशीच फ्रिजमध्ये सरकवू नये. परातीत कागद पसरून फळे हलक्या हाताने ओतावीत आणि तीन वाटे करावेत :

१) बुरशी लागलेली, पाणी सुटलेली फळे : ही टाकावीत. खड्ड्यात किंवा कंपोस्टात जावीत. नुसता बुरशीचा भाग कापून उरलेले खाऊ नये. मऊ फळात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

२) दबलेली, ओरखडलेली, फार पिकलेली, पण बुरशी नसलेली फळे : ही आजच संपवावीत. मुलांना द्यावीत, दुधात घालावीत किंवा खाली सांगितल्याप्रमाणे साखरेत घालावीत.

३) घट्ट, कोरडी, हिरवी टोपी ताजी असलेली फळे : एवढीच साठवायची.

डबी घेतानाही तिच्या तळाकडे बघावे. वरची रांग सगळेच सजवून लावतात. तळाला लाल पाण्याचा डाग असेल तर ती डबी घेऊ नये. जातीप्रमाणेही फरक पडतो. कॅमारोसासारखी जात कणखर, प्रवासाला टिकणारी. स्वीट चार्ली गोड, पण अंगाने मऊ. ज्याच्याकडे दोन्ही आहेत त्याने मऊ जात आधी संपवावी.

फ्रिज असेल तर

शीतगृहात स्ट्रॉबेरीसाठी शून्य अंश तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता ठेवतात. तरीही ती आठवडाभराच्या वर फारशी टिकत नाही. आपल्या घरातला फ्रिज चार-पाच अंशांवर चालतो. तेव्हा तीन ते चार दिवस ही आपली अपेक्षा असावी. तेवढे दिवस पुरते मिळावेत यासाठी :

— फळ धुऊन ठेवू नये. कोरडेच ठेवावे. टोपी काढू नये.

— पसरट डब्यात तळाला स्वच्छ कोरडे सुती फडके किंवा कोरा कागद घालावा. छापील वर्तमानपत्राची शाई फळाला लागते, म्हणून ते टाळावे.

— एक थर, फार तर दोन थर. खालच्या फळावर ओझे पडले की ते चेपते आणि तिथूनच नासायला लागते.

— झाकण अगदी घट्ट लावू नये. घट्ट झाकणाखाली घाम साठतो. अगदी उघडेही ठेवू नये, फळ सुकते.

— कांदा-लसणाच्या शेजारी ठेवू नये, वास धरते.

— खाण्यापुरतीच बाहेर काढावीत. सगळा डबा बाहेर, परत आत, असे केले की प्रत्येक वेळी गार फळावर दंव धरते. ती ओल म्हणजे बुरशीला आमंत्रण.

— रोज एकदा नजर टाकावी. एक फळ बिघडले तर ते आणि त्याला चिकटलेले शेजारचे काढावे, फडके बदलावे.

वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो.

फ्रिज नसेल तर

जुन्या काळी पाण्याचा माठ आणि ओले पोते हाच आपला फ्रिज होता. ते शास्त्र खोटे नव्हते. पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. याच तत्त्वावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने शून्य ऊर्जा शीतकक्ष विकसित केला. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर गवताचे किंवा बांबूचे झाकण. विजेचा पैसाही लागत नाही. कोरड्या हवेत आतले तापमान बाहेरच्या दुपारपेक्षा बरेच खाली राहते. ज्यांची लागण आहे त्यांनी शेतावर झाडाच्या सावलीत असा हौद बांधला तर तोडलेला माल बाजारात जाईपर्यंत सुरक्षित राहतो.

घरापुरते करायचे तर मोठ्या माठात लहान माठ ठेवावा, मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवावी, आतल्या कोरड्या माठात फळाचा पसरट डबा ठेवून वर ओले फडके टाकावे. फडक्याचे पाणी फळावर ठिबकू देऊ नये. याने स्ट्रॉबेरी आठवडाभर राहील असे आम्ही सांगणार नाही. एखादा दिवस वाढतो, आणि मंगळवारचे फळ बुधवारच्या गाडीपर्यंत पोचायला तो पुरतो. डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी असते तोवर हे जमते. पावसाळ्यात पाणीच उडत नाही, त्यामुळे जांभळाच्या दिवसांत या युक्तीचा उपयोग नाही.

धुवावे केव्हा आणि कसे?

खायच्या आधी, आणि फक्त खायचे तेवढेच. वाहत्या पाण्याखाली, टोपी असतानाच धुवावे. टोपी काढून धुतले तर पाणी आत शिरते आणि चव पाणचट होते. हे फळ जमिनीलगत वाढते आणि त्यावर फवारण्याही होतात, तेव्हा न धुता मुलांच्या हातात देऊ नये.

काही सुशिक्षित मंडळी व्हिनेगरच्या पाण्याविषयी विचारतात. एक भाग पांढरे व्हिनेगर, तीन भाग पाणी, त्यात काही मिनिटे फळ बुडवून मग साध्या पाण्याने धुवायचे, अशी ही रीत. वरच्या बुरशीचे बीजाणू त्याने कमी होतात, हे खरे. पण नंतर प्रत्येक फळ पुरते कोरडे झाले पाहिजे. पंख्याखाली फडक्यावर सुटे पसरून, टोपीच्या खाली पाणी राहिले नाही ना हे बघून मगच साठवावे. एवढा धीर नसेल तर ही भानगड करू नये. ओले राहिलेले फळ न धुतलेल्यापेक्षा लवकर नासते.

दुसरी रीत गरम पाण्याची. सुमारे ५२ अंशांच्या पाण्यात घट्ट फळे अर्धा मिनिट बुडवायची, लगेच काढून पसरून गार आणि कोरडी करायची, मग फ्रिजमध्ये. बुरशीचे बीजाणू त्या उष्णतेला नरम पडतात. अर्ध्या मिनिटात फळ शिजत नाही. थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर हिशेब असा : हिवाळ्यातले पाणी साधारण २० अंशांचे धरा; दोन भांडी उकळते पाणी आणि तीच तीन भांडी साधे पाणी मिसळले की जवळपास ५२ अंश होतात. उन्हाळ्यात साधे पाणीच कोमट असते, तेव्हा हे प्रमाण चालणार नाही. घड्याळ समोर ठेवावे. "अजून थोडं राहू द्या" केले की फळाची भाजी झाली समजा.

बर्फात ठेवणे

घरात फ्रीझर असेल तर मंगळवारच्या फळाला ही सर्वांत कमी कष्टाची वाट. फळे धुवावीत, पूर्ण कोरडी करावीत, टोपी काढावी, ताटात एकमेकांना न चिकटता एका थरात ठेवून ताट फ्रीझरमध्ये ठेवावे. दगडासारखी कडक झाली की पिशवीत भरून, आतली हवा दाबून काढून, तोंड बांधून परत आत. एकदम पिशवीत भरली तर सगळ्यांचा एकच गोळा होतो आणि मूठभर काढायची तर हातोडी लागते.

साखरेतही गोठवता येते. चार भाग फळाला एक भाग साखर वजनाने घ्यावी, कापांवर भुरभुरावी, रस सुटला की डब्यात भरावे. रंग आणि वास चांगला राहतो.

उणे १८ अंशांच्या मोठ्या फ्रीझरमध्ये असे फळ आठ-दहा महिने राहते. आपल्या घरच्या एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा एवढा गार नसतो. त्यातले फळ महिना-दोन महिन्यांत वापरून टाकावे. बाहेर काढल्यावर ते ताज्यासारखे घट्ट राहणार नाही, कारण बर्फाने आतल्या पेशी फुटतात. पण दुधात, आइस्क्रीममध्ये किंवा जॅमला काही अडत नाही. ऊसतोडीच्या धामधुमीत चुलीपाशी दोन तास उभे राहायला घरातल्या बाईला सवड नसते. तेव्हा फळ गोठवून ठेवावे आणि निवांतपणी जॅम करावा.

साखरेचे काम

आता आम्ही आमच्या घरच्या विषयाला आलो. साखर फळाला का टिकवते?

उसाचा रस सकाळी काढला आणि संध्याकाळपर्यंत ठेवला तर आंबतो, हे लहान पोरालाही माहीत आहे. तोच रस काहिलीत आटवून काकवी केली तर महिनोन् महिने राहते. दोन्हीत साखर तीच, फरक पाण्याचा. रसात शंभरात सुमारे वीस भाग साखर आणि बाकी पाणी. यीस्टला ती मेजवानी. काकवीत साखर एवढी दाट की जीवाणूंना आणि यीस्टला वापरायला मोकळे पाणीच उरत नाही. उलट दाट पाक त्यांच्याच अंगातले पाणी ओढून घेतो. थोडी साखर सूक्ष्मजंतूंना पोसते आणि पुष्कळ साखर त्यांना उपाशी मारते, हे नीट लक्षात ठेवावे. "गोड कमी आवडतं म्हणून साखर निम्मी घातली" असा जॅम आंबतो तो याचमुळे. कमी साखरेचा करायला हरकत नाही, पण तो फ्रिजमध्ये ठेवून आठ-पंधरा दिवसांत संपवायचा.

जॅममध्ये एकूण विद्राव्य घन पदार्थ ६५ टक्क्यांच्या खाली असू नयेत, असे अन्न सुरक्षेचे मानक आहे. आपण थोडे वर, ६७-६८ धरावे. आमच्या हातातला रिफ्रॅक्टोमीटर ३२ ब्रिक्सपर्यंतच दाखवतो, त्यावर जॅम मोजता येत नाही. पण त्याच्याशिवाय काही अडत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो.

वजनकाट्यावरचा जॅम

टोपी काढलेली १ किलो स्ट्रॉबेरी, १ किलो साखर, दोन लिंबांचा रस. एवढेच साहित्य.

हिशेब असा. १ किलो फळात ८ टक्के धरले तर ८० ग्रॅम विद्राव्य पदार्थ. साखर १००० ग्रॅम. एकूण १०८० ग्रॅम. हे शेवटी ६७.५ टक्के व्हायला हवेत, म्हणजे तयार जॅमचे वजन १६०० ग्रॅम भरले पाहिजे. सुरुवातीला फळ आणि साखर मिळून दोन किलो. म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम पाणी आणि लिंबाचा रस आटवायचा. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी करून भिंतीवर खडूने लिहून ठेवावे. पातेल्यासह वजन त्याच्यावर १६०० ग्रॅम आले की जॅम झाला. साखर पाऊण किलो घेतली तर तयार माल १२३० ग्रॅमवर थांबवावा.

वजनाचा आग्रह आम्ही एका कारणासाठी धरतो. पुस्तकात १०५ अंशांवर जॅम उतरवा असे असते. ते समुद्रसपाटीचे गणित आहे. महाबळेश्वर १३७२ मीटर उंचीवर आहे. तिथे पाणीच साडेपंचाण्णव अंशांच्या आसपास उकळते. तिथे १०५ ची वाट पाहत बसले तर जॅम करपून त्याची चिक्की होईल. थर्मामीटर वापरायचाच तर आपल्या गावी पाणी किती अंशांना उकळते ते आधी पाहावे आणि त्याच्यावर साडेचार-पाच अंश धरावेत. वजनकाट्याला मात्र घाट आणि खोरे सारखेच.

कृती : फळाचे तुकडे करून साखरेत कालवून दोन-तीन तास ठेवावेत. रस सुटतो, पाणी घालावे लागत नाही. रुंद तोंडाच्या स्टीलच्या पातेल्यात मध्यम आचेवर शिजवावे, लाकडी उलथन्याने तळ हलवत राहावे. साखर विरघळली की लिंबाचा रस घालावा आणि आच वाढवावी. गुऱ्हाळात जशी मळी काढतात तसा वरचा फेस काढावा. शेवटी थंड बशीवर थेंब टाकावा. बोटाने सरकवला असता त्याला सुरकुती पडली म्हणजे जमला.

स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असते, म्हणून नुसत्या स्ट्रॉबेरीचा जॅम पातळ राहतो. बाजारातली पेक्टिनची पूड न आणता यावर घरचा उपाय आहे. हिवाळ्यात पेरू असतोच. एक-दोन कडक पेरू चिरून थोड्या पाण्यात शिजवावेत, पाणी गाळून घ्यावे आणि ते जॅममध्ये घालावे. पेरूत पेक्टिन भरपूर. वजनाचा शेवटचा आकडा तोच ठेवावा.

काचेच्या बरण्या पाण्यात उकळून, पूर्ण वाळवून घ्याव्यात. जॅम गरम असतानाच काठोकाठ भरून झाकण लावावे. बरणी उघडल्यावर ओला चमचा घालू नये आणि फ्रिज असेल तर तीत ठेवावी. वर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा काढून बाकी खाऊ नये. सगळी बरणी टाकावी. किलोभर साखरेचा मोह आजारपणाच्या खर्चापेक्षा मोठा नाही.

करवंद, जांभूळ आणि इतर मंडळी

करवंद : एप्रिल-मे महिन्यांत डोंगर काळे होतात ते यांच्यामुळे. पिकलेले करवंद दोन-तीन दिवसांत मऊ पडते. पानासह, पसरट टोपलीत, सावलीत ठेवावे. ढीग करू नये. फिकट लाल, अर्धवट पिकलेल्या करवंदांत आंबटपणा आणि पेक्टिन दोन्ही भरपूर, म्हणून त्यांची जेली सुरेख धरते. हंगामाच्या शेवटच्या स्ट्रॉबेरीत मूठभर अशी करवंदे घातली तर पेरू आणि लिंबू दोन्ही नको. कच्च्या करवंदाचे लोणचे तर घरोघर होते.

जांभूळ : झाडाखाली पडलेले फळ फुटलेले असते, त्याला माती आणि माशी लागलेली असते. साठवायचे जांभूळ झाडावरून हाताने किंवा झोळीत उतरवलेले हवे. उघड्यावर दोन दिवसांत ते आंबायला लागते. जास्त असेल तर गर काढून शिजवावा, गाळावा आणि सरबताचा दाट पाक करून ठेवावा. बिया धुऊन, वाळवून ठेवाव्यात. पण मधुमेहाची गोळी बंद करून जांभळाच्या बियांची पूड घेणे हा शहाणपणा नव्हे. ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

तुती आणि रासबेरी : ही तर जेमतेम एक-दोन दिवसांची पाहुणी. यांना एकच थर, धुणे अगदी खाताना. उरली तर त्याच दिवशी साखरेत घालावीत.

गूजबेरी : महाबळेश्वरला कागदी टरफलात मिळते ती. निसर्गानेच तिला डबी दिली आहे, ती आपण सोलून टाकू नये. टरफलासह कोरड्या जागी ती बरेच दिवस राहते.

दोन शब्द विक्रीविषयी

महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. स्ट्रॉबेरीचे भिलार २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणूनही ओळखले जाते. येणारा पाहुणा ताजे फळ खातो आणि घरी बरणी घेऊन जातो. दुसऱ्या प्रतीचे, आकाराने वेडेवाकडे पण निरोगी फळ बाजारात मातीमोल जाते. तेच बरणीत शिरले की त्याचा आकार कोणी विचारीत नाही. मात्र नासके फळ जॅममध्ये "खपवणे" हा धंदा नव्हे. साखर नासलेले सुधारत नाही, चांगले असते तेवढे राखते. घरापुरते करणे वेगळे आणि विकणे वेगळे. विकायचे असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी, बरणीवर तारीख, वजन आणि घटक लिहावेत. एकटीने हे जमत नसेल तर बचत गटाने एकत्र करावे. वजनकाटा, पातेली आणि बरण्या सामाईक घेता येतात.

मेळाव्यात प्रश्न विचारणाऱ्या ताईंना आम्ही हे सर्व तिथल्या तिथे सांगू शकलो नाही. फळाचे तीन वाटे करा आणि दुसरा वाटा त्याच दिवशी साखरेत घाला, एवढेच सांगितले. त्यांनी दुसरा प्रश्न लगेच टाकला : "आणि साखर किती?" बरोबरीने, आम्ही म्हणालो. त्यांनी शेजारणीकडे बघून हिशेब केला : "म्हणजे सभासदाची साखर दिवाळीत सगळी फराळाला घालवायची नाही तर."

आमचेही सर्व भगिनींना तेच सांगणे आहे. सवलतीच्या दराने मिळालेल्या साखरेतले पाच किलो जानेवारीसाठी बाजूला ठेवावेत. आणि बंधूंना सांगणे असे की, स्ट्रॉबेरीची तोडणी पहाटे उरकावी, पाट्या उन्हात ठेवू नयेत, आणि त्या फळाचा पैसा ज्या हातात जातो त्याच हातात राहू द्यावा. जॅमचे वजन कुठे अडले तर आपापल्या गट कार्यालयात विचारावे. आमचे कर्मचारी उसाच्या नोंदीबरोबर तेही सांगतील. पुढील अंकात खोडव्यातील पाचट कुजवण्याविषयी लिहू.